हात वर करणाऱ्यांचा महापौर

भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेत नगरसेवक ९०. २०१७ च्या निवडणुकीत त्यांतले ४७ काँग्रेसचे निवडून आले. म्हणजे सत्ता स्वबळावर, कोणाच्या दाराशी जायची गरज नाही. कोणार्क विकास आघाडी या स्थानिक आघाडीचे आले अवघे चार. अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, दुसऱ्या महापौराची निवड करायची वेळ आली. काँग्रेसचे १८ नगरसेवक फुटले, बाकीची जुळवाजुळव झाली आणि चार नगरसेवकांच्या आघाडीच्या प्रतिभा पाटील ४९ मते घेऊन महापौर झाल्या.

त्याच्या वर्षभर आधीची गोष्ट अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. ६८ जागांपैकी शिवसेनेला २४, राष्ट्रवादीला १८ आणि भाजपला १४ मिळाल्या. महापौर झाले तिसऱ्या क्रमांकाच्या भाजपचे बाबासाहेब वाकळे, तेही राष्ट्रवादीच्या नगरसेवकांच्या पाठिंब्यावर. राष्ट्रवादीने आपल्या अठराही नगरसेवकांवर कारवाई केली. महापौर मात्र झाला तो झालाच. २०२१ च्या फेब्रुवारीत सांगलीत भाजपची सत्ता असताना राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ विरुद्ध ३६ मतांनी निवडून आले. पुढच्याच महिन्यात जळगावात कहर झाला. ७५ पैकी ५७ नगरसेवक भाजपचे, आणि महापौर झाल्या शिवसेनेच्या जयश्री महाजन, ४५ विरुद्ध ३० मतांनी. कोविडमुळे सभा ऑनलाइन होती. फुटलेल्यांना सभागृहाची पायरीसुद्धा चढावी लागली नाही.

या चारही शहरांत मतदारांनी काही नव्याने मतदान केले नव्हते. त्यांचे मत होते तिथेच होते. महाराष्ट्रात महापौर होऊ पाहणाऱ्याची लढाई दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात मतदार असतो. दुसऱ्या टप्प्यात पक्ष, सोडत आणि आकडे असतात. नगरसेवकाची उभी कारकीर्द पहिल्या टप्प्यात घडते आणि तिचा निकाल लागतो दुसऱ्यात. शहरांच्या कारभाराचे बरेचसे दुखणे या दोन टप्प्यांमधल्या दरीत आहे, असे पालिकेच्या राजकारणाकडे जरा जवळून पाहिले की वाटू लागते.

वॉर्डातली वीस वर्षे

संध्याकाळी साडेसातनंतर कोणत्याही नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसावे. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर नेत्यांचे फोटो, टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा आणि रबरी शिक्का. बाहेर बाकावर सात-आठ माणसे. एका बाईंना पाण्याचे बिल तिप्पट आले आहे. एका मुलाला अकरावीच्या प्रवेशासाठी पत्र हवे आहे. मंडळाची पोरे मंडपाच्या परवानगीसाठी आली आहेत. एका म्हाताऱ्याच्या चाळीतल्या संडासाचा दरवाजा महिनाभर मोडून पडला आहे. नगरसेवक वॉर्ड ऑफिसच्या दुय्यम अभियंत्याला फोन लावतो, “साहेब, दोन दिवस झाले, दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. उद्या सकाळी माणूस पाठवा, मी स्वतः उभा राहतो.” सकाळी तो खरोखर उभा राहतो. माणूस येतो, व्हॉल्व्ह फिरवतो, जातो. त्या चाळीतली चाळीस मते पुढच्या पाच वर्षांसाठी बांधली जातात.

कायद्याने पाहिले तर यातले निम्मे काम नगरसेवकाचे नाहीच. अर्थसंकल्पावर बोलणे, प्रस्ताव तपासणे, धोरण ठरवणे, प्रशासनाला जाब विचारणे हे त्याचे काम. पण पाणी, गटार, दिवाबत्ती, कचरा आणि दवाखान्यातली खाट, सामान्य माणसाला सरकार म्हणून दिसते ते एवढेच. आमदार विधानभवनात असतो, खासदार दिल्लीत. नगरसेवक नाक्यावर सापडतो. लग्नात, मयतीत, बारशात, हळदीकुंकवात आणि वह्यावाटपात तो दिसला नाही तर पुढच्या वेळी त्याचे काही खरे नसते.

या वॉर्डातून वर आलेली माणसे पाहिली की शिडीचे लाकूड कोणते ते कळते. रायगड जिल्ह्यातल्या नांदवीचे मनोहर जोशी माधुकरी मागून शिकले. एम. ए., एलएल. बी. झाले. मुंबई महानगरपालिकेत नोकरी केली. १९६१ मध्ये कोहिनूर क्लासेस काढले. १९६८ मध्ये शिवसेनेने पालिकेत ४२ जागा जिंकून सगळ्यांना चकित केले, तेव्हा ते नगरसेवक झाले. पुढे स्थायी समितीचे अध्यक्ष, आणि १९७६ मध्ये महापौर. ज्या संस्थेत नोकरी केली तिच्याच सभागृहात ते अध्यक्षस्थानी बसले. फाइल खालून वर कशी सरकते आणि कुठे अडकते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

छगन भुजबळांची पायरी आणखी खालची. आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले, भायखळ्याच्या मंडईत भाजीचा धंदा, व्हीजेटीआयमध्ये अभियांत्रिकीची पदविका. १९७३ मध्ये ते नगरसेवक झाले. पुढची बारा वर्षे विरोधी बाकावरून प्रशासनाला फैलावर घेण्यात गेली. १९८५ मध्ये शिवसेनेने पालिका जिंकली तेव्हा महापौरपदासाठी नाव शोधावे लागले नाही. “सुंदर मुंबई, मराठी मुंबई” ही घोषणा त्यांच्याच काळातली. १९९० मध्ये ते पुन्हा महापौर झाले आणि डिसेंबर १९९१ मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले.

नागपूरचे उदाहरण वेगळे. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये बावीसाव्या वर्षी नगरसेवक झाले. घरात राजकारण होते. वडील गंगाधरराव विधान परिषदेचे सदस्य होते. १९९७ मध्ये दुसऱ्यांदा निवडून आले आणि सत्ताविसाव्या वर्षी महापौर झाले. जोशींना नगरसेवक ते महापौर हे अंतर कापायला आठ वर्षे लागली, भुजबळांना बारा, फडणवीसांना पाच. तिघांचा वर्ग, स्वभाव, पक्षातले स्थान सगळेच निराळे. समान धागा एकच होता. महापौर होण्याआधी तिघांनीही सभागृह पाहिले होते, आणि पक्षाला त्या खुर्चीत नेमके कोण हवे हे ठरवायची मोकळीक होती.

ती मोकळीक पुढे उरली नाही.

सोडतीचा दिवस

राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. प्रभागांबरोबर महापौरपदही आरक्षणाच्या कक्षेत आले. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, सर्वसाधारण आणि या प्रत्येकात महिला अशी फिरती पद्धत. नगरविकास खात्याची सोडत मंत्रालयात निघते. चिठ्ठी उघडली की त्या क्षणी एखाद्या शहरातले पाच-सहा दिग्गज शर्यतीतून बाद होतात आणि जिचे नाव काल कोणी घेत नव्हते अशी एखादी नगरसेविका “संभाव्य महापौर” म्हणून टीव्हीवर झळकते. त्या दुपारी पक्षाच्या शहर कार्यालयात गेलात तर काहींचे चेहरे पडलेले असतात आणि काहींचे फोन सारखे वाजत असतात.

या सोडतीला नावे ठेवणे सोपे आहे. “लॉटरीचा महापौर” असे म्हणणारे हुशार लोक प्रत्येक शहरात भेटतात. पण सोडतीच्या आधीचा हिशेबही पाहावा. मुंबईत १९३१ मध्ये पालिकेच्या अध्यक्षाला महापौर म्हणायला सुरुवात झाली, जे. बी. बोमन-बेहराम हे पहिले. सुलोचना मोदी १९५६ मध्ये पहिल्या महिला महापौर झाल्या. दुसऱ्या महिलेसाठी, निर्मला सामंत-प्रभावळकर यांच्यासाठी, शहराला १९९४ पर्यंत थांबावे लागले. त्या काळात दरवर्षी नवा महापौर निवडला जायचा; म्हणजे संधी कमी नव्हती, इच्छा नव्हती. उलट २००७ ते २०२२ या काळात मुंबईला सहा महापौर लाभले आणि त्यांतल्या चार महिला होत्या : शुभा राऊळ, श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर आणि किशोरी पेडणेकर. सगळे कर्तृत्व सोडतीचे नसले, तरी दार तिने उघडले हे मान्य करायला हवे.

दोष आहे तो वेळेचा. सोडत अनेकदा निवडणुकीच्या निकालानंतर निघते. मतदार मत देतो तेव्हा महापौर खुल्या वर्गातला असेल की मागासवर्गातला, बाई असेल की पुरुष, हे त्याला ठाऊक नसते. पक्षही मग सांगतात, “नाव कसे जाहीर करणार? आरक्षण कुठे पडलेय?” आणि ही सबब सोयीची असते. नाव जाहीर नसले की दहा इच्छुक गप्प बसून पैसे खर्च करतात, प्रत्येकाला गुपचूप शब्द देता येतो, आणि महापौरपदाचा उमेदवार शहरासाठी काय करणार हे कोणालाच सांगावे लागत नाही.

तिकीट आणि पॅनल

त्याआधी तिकीट मिळवावे लागते. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म हातात पडेपर्यंत वीस वर्षांच्या कार्यकर्त्यालाही झोप नसते. प्रभागाची सीमा बदलली, प्रभागावर आरक्षण पडले, आमदाराने भाच्याचे नाव पुढे केले, दुसऱ्या पक्षातून “निवडून येण्याची क्षमता” असलेला कोणी आयात झाला, यांतले काहीही घडले की घरचा माणूस बंडखोर होतो. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला तर बायकोला उभे करून फलकावर स्वतःचा फोटो मोठा छापणारेही आहेत. अशा घरांतून आलेल्या काही बायांनी पुढे नवऱ्याला बाजूला सारून उत्तम कारभार केला, हेही तितकेच खरे.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. राज्यातल्या इतर बहुतेक महानगरपालिकांत २०१७ पासून चार सदस्यांचे प्रभाग आले. मतदार एकाच वेळी चार मते देतो आणि चार नगरसेवक मिळून एक मोठा प्रभाग सांभाळतात, म्हणजे प्रत्यक्षात कोणीच एकटा जबाबदार नसतो. वॉर्डातल्या कामावर उभी राहिलेली कारकीर्द यात पातळ होते. पॅनल टाकणारा नेता मोठा होतो, पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी उभा राहणारा कार्यकर्ता त्याच्या सावलीत जातो.

गट, पक्षादेश आणि सहल

निकाल लागला की विजयी नगरसेवकांचा गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवला जातो. मुंबईचे नगरसेवक त्यासाठी कोकण भवनात जातात. गटनेता ठरतो, पक्षादेश काढण्याचा अधिकार त्याच्याकडे येतो. पक्षादेश मोडणाऱ्यासाठी राज्यात १९८६ चा अपात्रता कायदा आहे. महापौराचे मतदान आता हात वर करून होते, म्हणजे कोण कुठे गेला हे भर सभागृहात दिसते.

तरीही लोक फुटतात, आणि वर सांगितलेल्या चार शहरांत उघड फुटले. कारण सरळ आहे. अपात्रतेची तक्रार होणार, सुनावण्या होणार, कोर्टात जाणार. निकाल लागेस्तोवर बहुतेकदा मुदतच संपत आलेली असते. दरम्यान विषय समित्या, कामे, आणि पुढच्या निवडणुकीचे तिकीट हे सगळे नव्या घरात मिळालेले असते. म्हणून महापौराच्या निवडणुकीच्या आधीचे आठ-दहा दिवस पक्ष आपल्या नगरसेवकांना “सहली”ला नेतात. लोणावळा, महाबळेश्वर, गोवा. फोन काढून घेतले जातात किंवा एका विश्वासू माणसाच्या ताब्यात राहतात. मतदानाच्या सकाळी बस थेट पालिकेच्या दारात येते. ज्यांना लोकांनी विश्वासाने निवडून दिले, त्यांच्यावर त्यांच्या पक्षाचाच विश्वास नाही, हे त्या बसकडे पाहून कोणालाही कळते.

सगळीच जुळवाजुळव पैशाची नसते. २००७ मध्ये पुण्यात राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप एकत्र आले आणि काँग्रेसला, खरे तर तिचे पुण्यातले नेते सुरेश कलमाडी यांना, सत्तेबाहेर ठेवले. त्याला “पुणे पॅटर्न” म्हटले गेले आणि राष्ट्रवादीच्या राजलक्ष्मी भोसले महापौर झाल्या. २०१७ मध्ये मुंबईत शिवसेना ८४ आणि भाजप ८२ असा निकाल लागला. २२७ च्या सभागृहात ११४ कोणाकडेच नव्हते. राज्यातल्या सरकारचा तोल सांभाळायचा म्हणून भाजपने महापौरपदाच्या शर्यतीतून अंग काढून घेतले आणि सांताक्रूझचे विश्वनाथ महाडेश्वर महापौर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी शिवसेनेत प्रवेश केला. मुंबईचा महापौर कोण, हा प्रश्न त्या वेळी मुंबईपेक्षा राज्य सरकारच्या स्थैर्याचा होता.

खुर्ची मिळाली, पुढे काय?

इथे बाहेरच्या वाचकाचा घोळ होतो. न्यूयॉर्क किंवा लंडनचा महापौर म्हटले की डोळ्यांपुढे शहराचा कारभारी येतो. आपला महापौर कारभारी नाही. मुंबईत १८६५ मध्ये पालिका आयुक्त हे पद आले, आर्थर क्रॉफर्ड पहिले. तेव्हापासून कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत, आणि आयुक्त सरकार नेमते. १८८८ च्या मुंबई पालिका कायद्याचा सांगाडा आजही तोच आहे. इतर शहरांसाठी १९४९ चा कायदा आहे आणि त्याची घडणही फार वेगळी नाही. तिजोरीच्या चाव्या स्थायी समितीकडे. निविदा तिथे मंजूर होतात, म्हणून जाणकार नगरसेवक महापौरपदापेक्षा “स्थायी”च्या अध्यक्षपदासाठी जास्त झगडतो.

महापौराकडे काय उरते? सभागृहाचे अध्यक्षस्थान, प्रस्ताव आधी की नंतर घ्यायचा हे ठरवणे, रुलिंग देणे, समसमान मते पडली तर निर्णायक मत. शिवाय पहिल्या नागरिकाचा मान. पुण्यात अनंत चतुर्दशीला मंडईतल्या टिळक पुतळ्यापाशी महापौराने मानाच्या कसबा गणपतीची आरती केल्याशिवाय मिरवणूक हलत नाही, आणि आषाढात पालख्यांचे स्वागतही महापौरच करतो. या मानाला कमी लेखू नये. शहराला एक चेहरा लागतो.

पण शहर तुंबले की शिव्या त्याच चेहऱ्याला बसतात. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई पाण्याखाली गेली तेव्हा सगळे माइक महापौरांच्या तोंडाशी आले. पर्जन्यजल वाहिन्यांचे खाते ज्यांच्या हाताखाली, ते आयुक्त. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे, ही विभागणी दोघांनाही सोयीची पडते. आयुक्त म्हणतात सभागृहाने मंजुरी दिली नाही. महापौर म्हणतात प्रशासन ऐकत नाही. मधल्या मध्ये नाला तसाच राहतो.

अधिकार नसतानाही माणूस काय करू शकतो, हे कधी कधी दिसते. किशोरी पेडणेकर राजकारणात येण्याआधी परिचारिका होत्या. एप्रिल २०२० मध्ये कोविडने मुंबई हादरली असताना त्या परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. विरोधकांनी त्याला दिखावा म्हटले. असेलही. पण घाबरलेल्या शहरात पालिकेच्या रुग्णालयातल्या बायांना महापौर आपल्यातलीच वाटणे, याचीही एक किंमत असते, आणि ती कुठल्या अधिकारपत्रात लिहिलेली नसते.

या खुर्चीला खरे अधिकार देण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. कोलकात्यात महापौर आणि त्याचे मंडळ शहराचे मंत्रिमंडळ असल्यासारखे काम करते. त्या धर्तीवर १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर इथे “मेयर इन कौन्सिल” पद्धत आणली गेली. मुख्यमंत्री होते मनोहर जोशी, म्हणजे मुंबईचे माजी महापौर. नागपूरचे महापौर होते देवेंद्र फडणवीस. वर्षभरात, १९९९ मध्ये, ती पद्धत गुंडाळली गेली. आयुक्तांना ती नको होती, आमदारांना नको होती, आणि मंत्रालयाला तर नकोच होती. शहराचा महापौर बलवान झाला तर नगरविकास खात्याच्या मंत्र्याला कोण विचारणार? पंधरा वर्षांनी फडणवीस मुख्यमंत्री झाले, पण ती पद्धत परत आली नाही. खुर्चीतून वर गेलेल्या माणसाला खाली अधिकार सोडावेसे वाटत नाहीत, हा कोणा एकाचा दोष म्हणता येणार नाही; सगळ्याच पक्षांचा तो स्वभाव झाला आहे.

पुढची पायरी

अधिकार नाहीत तर मग एवढा झगडा कशासाठी? कारण ही खुर्ची शिडीची पायरी आहे. मनोहर जोशी १९९५ मध्ये मुख्यमंत्री आणि २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले. फडणवीस १९९९ मध्ये आमदार आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री. भुजबळ उपमुख्यमंत्री झाले. सुधीर जोशी, दिवाकर रावते, चंद्रकांत हंडोरे हे मुंबईचे माजी महापौर पुढे मंत्री झाले. सुनील प्रभू २०१४ मध्ये महापौरपदावरून थेट दिंडोशीचे आमदार. पुण्याचे मुरलीधर मोहोळ २०१९ मध्ये महापौर, २०२४ मध्ये खासदार आणि लगेच केंद्रात राज्यमंत्री. राज्याबाहेरचे एक नाव आपल्याला जवळचे आहे : चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन इंदूरच्या उपमहापौर होत्या आणि पुढे लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या.

पायरी म्हटली की पाय ठेवणारा वर बघतो, खाली नाही. अडीच वर्षांच्या मुदतीत पहिले सहा महिने सत्कारांत जातात, शेवटचे सहा महिने पुढच्या तिकिटाच्या खटपटीत. मधल्या दीड वर्षात कोणता रस्ता, कोणता विकास आराखडा, कोणती जलवाहिनी पूर्ण व्हायची?

ही पायरी पक्कीही नाही. स. का. पाटील १९४९ ते १९५२ अशी सलग तीन वर्षे मुंबईचे महापौर होते. नंतर केंद्रीय मंत्री झाले आणि शहराचे अनभिषिक्त राजे म्हणवले गेले. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून त्यांना हरवले जॉर्ज फर्नांडिस यांनी, जे १९६१ पासून त्याच पालिकेत एक साधे नगरसेवक होते. फुटपाथवरच्या कामगारांसाठी भांडणाऱ्या नगरसेवकाने महापौरांच्या महापौराला घरी बसवले. त्याहून जुने एक उदाहरण सांगायला हवे. १९४२ मध्ये स्वातंत्र्यसैनिक युसुफ मेहरअली लाहोरच्या तुरुंगात असतानाच त्यांचे नाव मुंबईच्या महापौरपदासाठी पुढे आले आणि ते निवडून आले. तोवरचे सर्वांत तरुण महापौर. त्यांच्याही हाती कार्यकारी अधिकार नव्हते. पण आपला महापौर कोणत्या बाजूला उभा आहे हे शहराला नक्की माहीत होते. आज तेच माहीत नसते, कारण महापौर कोण होणार हेच माहीत नसते.

थेट निवडावा का?

मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशात लोक महापौर थेट निवडतात. इंदूरचे पहिले थेट निवडलेले महापौर कैलास विजयवर्गीय, २००० सालचे. महाराष्ट्राने हा प्रयोग नगरपालिकांपुरता केला आणि तोही धरसोडीचा. नगराध्यक्षाची थेट निवड १९७४ मध्ये आली, पुन्हा २००१ मध्ये आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. ज्या पक्षाला आपला चेहरा लोकप्रिय वाटला त्याने आणली, ज्याला नगरसेवकांची बेरीज सोपी वाटली त्याने काढली. महानगरपालिकांना या वाऱ्यापासून दूरच ठेवले.

थेट निवडीतही घोळ आहेत. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, मग पाच वर्षे ठराव अडवण्यात जातात. अधिकार नसलेला थेट महापौर तर आणखी केविलवाणा. लाखो मते घेऊन आलेला माणूस आयुक्ताच्या सहीसाठी ताटकळत बसेल. म्हणून आधी अधिकार, मग निवडीची पद्धत, असा क्रम लावायला हवा. मुदत अडीच वर्षांऐवजी सभागृहाइतकी, म्हणजे पाच वर्षांची. आरक्षणाची सोडत प्रभागांच्या सोडतीबरोबर, निवडणुकीच्या पुरेशी आधी. आणि फुटलेल्या नगरसेवकाच्या अपात्रतेचा निकाल ठरलेल्या मुदतीत. यातल्या शेवटच्या तीन गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही. राज्य सरकारने मनावर घेतले तर विधिमंडळाच्या एका अधिवेशनाचे काम आहे.

महापौर नसला तर काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना याचे उत्तर मिळून चुकले आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे यांसह अनेक महानगरपालिकांची मुदत संपली. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात राहिले आणि सगळीकडे प्रशासक बसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबई महानगरपालिकेचा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला गेला. काही छोट्या राज्यांच्या अर्थसंकल्पाहून मोठा असलेला हा आकडा प्रशासनाने मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. त्यावर बोलायला सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. रस्ते उकरले गेले, झाडे पडली, पाण्याच्या वेळा बदलल्या. विचारायचे कोणाला, तर माजी नगरसेवकाला. तोही म्हणायचा, “आता माझ्या हातात काही नाही हो, पण फोन लावून बघतो.” शेवटी सर्वोच्च न्यायालयाला ३१ जानेवारी २०२६ ही मुदत घालून निवडणुका घ्यायला सांगावे लागले.

वॉर्डातल्या बाकावर बसणारी माणसे, स्थायी समितीत प्रस्ताव वाचून येणारा नगरसेवक, आणि सभागृहाच्या वरच्या आसनावर बसलेला महापौर ही एकच साखळी आहे. ती खालून मजबूत आहे. महाराष्ट्राच्या शहरांतला नगरसेवक कितीही बदनाम असला तरी हाकेला ओ देणारा आहे. ती वरच्या टोकाला तुटते, कारण तिथे आपण लक्षच देत नाही.

तेव्हा निवडणुकीत उमेदवार दारात आला की रस्ता आणि गटार यांच्याबरोबर त्याला तीन प्रश्न अवश्य विचारा. तुमच्या पक्षाचा महापौर कोण? त्याने याआधी सभागृहात कोणते काम केले आहे? आणि हात वर करायची वेळ आली की तुम्ही कुठे असाल, सभागृहात की बसमध्ये? उत्तर देता आले नाही, तर मत कोणाला द्यायचे ते तुम्हाला सांगायला कोणी लागणार नाही.